बिलाच्या काउंटरवर गळ्यात मारल्या जाणाऱ्या गोष्टी : नकार कसा द्यावा, भरलेले पैसे कसे परत मागावेत

दसऱ्याला किंवा पाडव्याला वॉशिंग मशीन घ्यायला गेलेल्या ग्राहकाला दुकानात दोन किमती भेटतात. पहिली विक्रेत्याशी घासाघीस करून ठरलेली असते. दुसरी बिलावर छापून येते आणि तिच्यात वाढीव वॉरंटी, मशीनचा स्टँड, कव्हर, इन्स्टॉलेशन, हप्त्यांची प्रोसेसिंग फी आणि कधी कधी आधी नावही न ऐकलेला एखादा ‘प्रोटेक्शन प्लॅन’ येऊन बसलेला असतो. कपड्यांच्या दुकानात याच प्रकाराला मेंबरशिप कार्ड, मोबाइल नंबर आणि विकतची पिशवी असे रूप येते, तर खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात ते खतांच्या ‘लिंकिंग’चे, म्हणजे खतासोबत दुसरा माल घ्यायला लावण्याचे रूप घेते. काउंटरवर उभे राहून हा वाद जिंकणे अवघड असते, कारण तोवर मागे रांग लागलेली असते, घरची मंडळी कंटाळलेली असतात आणि बाहेर टेम्पोही येऊन थांबलेला असतो. म्हणून पुढे दिलेल्या बहुतेक पायऱ्या पैसे देण्यापूर्वीच्या आहेत. पैसे गेल्यानंतरचे मार्गही आहेत, पण ते लांबचे आहेत.

पहिली पायरी : आग्रह, गुपचूप भर की सक्ती, हे ओळखणे

काउंटरवर घडणाऱ्या सगळ्याच गोष्टी बेकायदा नसतात, आणि सरसकट ‘ही फसवणूक आहे’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाचे म्हणणे मॅनेजर सहज उडवून लावतो. तीन प्रकार वेगळे ठेवावेत. पहिला आग्रह : ‘साहेब, वॉरंटी घेऊनच टाका’ असे चार वेळा म्हणणे त्रासदायक असले तरी दुकानदाराला तसे म्हणता येते, आणि त्यावर ठाम नकार एवढाच उपाय असतो. दुसरा प्रकार गुपचूप भरीचा. न विचारता बिलात एखादी ओळ घातली जाते, आणि ती काढून घेण्यासाठी कोणतेही कारण देण्याची गरज नसते. तिसरा प्रकार सक्तीचा, म्हणजे ‘हे घेतले तरच ते मिळेल’. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये प्रतिबंधक व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात एक वस्तू किंवा सेवा मिळण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे स्पष्टपणे येते.

यात एक बारकावा आहे आणि विक्रेते त्याचा पुरेपूर उपयोग करतात. ‘वॉरंटीसह घेतले तर दीड हजाराची सूट’ ही सवलत आहे. मूळ वस्तू एकटी मिळत असेल तर तिला अट म्हणता येत नाही. ‘वॉरंटी नको असेल तर हे मॉडेल शिल्लक नाही’ ही मात्र अट आहे. त्यामुळे काउंटरवर पहिला प्रश्न असा विचारावा : “ही वस्तू एकटी, दुसरे काहीही न घेता, कितीला मिळेल?” त्याचे उत्तर मिळाले की समोर कोणता प्रकार आहे, हे लगेच कळते.

दुसरी पायरी : निघण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी

वस्तूचा पूर्ण मॉडेल नंबर, त्याची इतर दोन ठिकाणची किंमत, कंपनीची मूळ वॉरंटी किती वर्षांची आणि कशावर आहे, आणि जोडीला खरोखर लागणाऱ्या वस्तू, एवढे घरीच लिहून घ्यावे. शेवटच्या नोंदीला सर्वांत जास्त महत्त्व आहे, कारण जोडवस्तू म्हणजे केवळ लूट असे नसते. व्होल्टेज सतत खालीवर होणाऱ्या गावात एसीला स्टॅबिलायझर लागू शकतो. मात्र आजच्या अनेक इन्व्हर्टर एसींवर किती व्होल्टेजपर्यंत वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही ते छापलेले असते आणि ते आधी वाचावे. स्प्लिट एसीबरोबर तांब्याचा पाइप साधारणतः ठरावीक लांबीचाच येतो, वरच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे पडतात, बाहेरच्या युनिटच्या स्टँडचेही पडतात. टीव्हीसोबत भिंतीचा ब्रॅकेट येतो की नाही, हे कंपनीच्या संकेतस्थळावरच्या ‘बॉक्समध्ये काय आहे’ या यादीत दिसते. ही यादी वाचलेली असली की ‘हे तर लागतेच, ताई’ या वाक्याचा निम्मा जोर ओसरतो.

घरातले ज्येष्ठ एकटे खरेदीला जाणार असतील तर हा कागद त्यांच्या हाती द्यावा. भिडेपोटी हो म्हणणारी माणसे विक्रेत्याला पहिल्या दोन मिनिटांत ओळखू येतात.

तिसरी पायरी : तोंडी किंमत नको, फोड करून लिहिलेले कोटेशन घ्यावे

किंमत ठरली की ती एका कागदावर किंवा दुकानाच्या व्हॉट्सॲपवर फोड करून मागावी : वस्तू सर्व करांसह इतकी, डिलिव्हरी इतकी, इन्स्टॉलेशन इतके, आणि जोडवस्तू असल्यास प्रत्येकीची किंमत स्वतंत्र. ‘सगळे मिळून बत्तीस हजारात देतो’ या वाक्यात काय काय दडले आहे, हे विक्रेत्यालाच ठाऊक असते. पॅकबंद वस्तूवरील एमआरपी सर्व करांसहित असते, त्यामुळे ‘जीएसटी वेगळा लागेल’ असे सांगून एमआरपीच्या वर रक्कम नेता येत नाही. तसे घडल्यास त्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते. बऱ्याच कंपन्या इन्स्टॉलेशन स्वतःच्या सेवा केंद्रातून विनाशुल्क करून देतात, म्हणून त्या ओळीचे पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारावे.

चौथी पायरी : वाढीव वॉरंटीचे गणित काउंटरपासून दूर बसून करावे

दुकानदाराचा सर्वांत जास्त जोर या एका गोष्टीवर असतो, आणि त्याचे कारण सरळ आहे : मोठ्या उपकरणांच्या विक्रीत स्पर्धेमुळे नफा कमी उरतो, वॉरंटीच्या कागदात तो जास्त असतो. कर्मचाऱ्याला महिन्याचे टार्गेट असते. त्याच्या आग्रहामागे आपल्या मशीनची काळजी क्वचितच असते.

समजा तीस हजारांच्या मशीनवर मूळ वॉरंटी दोन वर्षांची आहे आणि पुढच्या दोन वर्षांसाठी ३,६०० रुपये मागितले जात आहेत. म्हणजे वस्तूच्या किमतीच्या १२ टक्के रक्कम आज भरून तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे संरक्षण विकत घ्यायचे. ‘आजपासून चार वर्षे’ असे सांगितले जाते तेव्हा पहिली दोन वर्षे कंपनी कशीही देणारच असते. त्यातही मोटर किंवा कॉम्प्रेसरवर कंपनी बहुधा आधीच दीर्घ मुदतीची वेगळी वॉरंटी देते, त्यामुळे ‘मोटर गेली तर काय कराल?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा खोक्यावरच छापलेले असते. प्रत्यक्षात बिघडतात ते सर्किट बोर्ड, ड्रेन पंप, पाण्याचा व्हॉल्व्ह आणि दाराचे रबर. यांपैकी काय योजनेत बसते, ते अटींच्या पत्रकात शोधावे. रबर, प्लास्टिकचे भाग, रिमोट, उंदराने कुरतडलेल्या वायरी, विजेच्या दाबामुळे झालेले नुकसान आणि गंज या गोष्टी अनेक योजनांत वगळलेल्या असतात. कोकणपट्टीतल्या ग्राहकाने गंजाची ओळ आणि ग्रामीण भागातल्या ग्राहकाने विजेची ओळ आधी वाचावी.

त्यानंतर विचारण्यासारखे प्रश्न असे आहेत. वॉरंटी देणार कोण : उत्पादक कंपनी, दुकान की तिसरीच संस्था? दुरुस्तीच्या एकूण खर्चाला वरची मर्यादा आहे का, आणि वर्षागणिक घसारा धरला जातो का? दुरुस्ती न झाल्यास नवी वस्तू मिळते की दुकानाचे व्हाउचर? आपल्या तालुक्यात मिस्त्री येणार की मशीन शहरात पोचवायचे? विक्रेत्याला यांपैकी दोन प्रश्नांचीही उत्तरे देता येत नसतील तर तो कागद घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आजच घेतली तरच’ हे विधानही तपासून पाहावे. अनेक उत्पादक मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कधीही वाढीव वॉरंटी विकतात, त्यामुळे दोन-चार महिने मशीन वापरून, सेवा केंद्राचा अनुभव घेऊन ठरवणे शक्य असते. मोठ्या पडद्याचा टीव्ही किंवा इन्व्हर्टर एसी यांच्यासाठी उत्पादकाचीच योजना रास्त दरात मिळत असेल तर ती घेण्यात अर्थ आहे. मिक्सर, इस्त्री, पंखा, स्वस्तातला मोबाइल यांच्यावर दुकानाची वाढीव वॉरंटी घेणे मला पैसे वाया घालवण्यासारखे वाटते.

पाचवी पायरी : हप्त्यांच्या टेबलावर ओटीपी म्हणजे सही

मोठ्या दुकानात एका कोपऱ्यात फायनान्स कंपनीचा प्रतिनिधी बसलेला असतो आणि ग्राहकाच्या सर्वांत जास्त न वाचलेल्या संमती तिथेच घेतल्या जातात. कार्डाची फी, मोबाइलचा विमा, आरोग्य कार्ड, पाकीट हरवल्यास संरक्षण असे काहीही कर्जाच्या रकमेत मिसळते आणि मग त्याच्यावरही हप्ता बसतो. प्रतिनिधी एकामागून एक ओटीपी मागत जातो. प्रत्येक ओटीपीच्या संदेशात तो कशासाठी आहे ते बहुधा लिहिलेले असते, म्हणून फोन त्याच्या हातात न देता संदेश स्वतः वाचावा आणि समजला नाही तर आकडे सांगू नयेत.

‘झिरो कॉस्ट’ या शब्दांवर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. क्रेडिट कार्डावरील अशा हप्त्यांत व्याजाइतकी सूट विक्रेता देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी ग्राहकाच्याच माथी येते. एकरकमी रोख दिल्यास किंमत किती कमी होईल, हे विचारले की हप्त्यांची खरी किंमत उघडी पडते.

कर्ज घ्यायचेच असेल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागावे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ मुदत कर्जासाठी हे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात विमा आणि तिसऱ्या पक्षासाठी वसूल होणारे शुल्क धरून वार्षिक खर्चाचा दर दाखवावा लागतो, आणि पत्रकात नसलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी हे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहते, त्यामुळे ते घरी नेऊन वाचण्याची सवड नियमांनीच दिलेली आहे.

सहावी पायरी : नकार थोडक्यात द्यावा

‘बघू’, ‘नंतर सांगतो’, ‘घरी विचारून येते’ ही आपल्याकडची सभ्य नकाराची भाषा आहे, पण विक्रेत्याच्या प्रशिक्षणात तिचा अर्थ ‘अजून थोडा आग्रह करा’ असा होतो. कारण दिले की त्याचे उत्तर तयारच असते : ‘महाग आहे’ म्हटले की हप्ते करून देतात, ‘गरज नाही’ म्हटले की शेजाऱ्याचे मशीन कसे जळाले ते सांगतात. म्हणून कारणच देऊ नये. “नको. फक्त मशीनचे बिल करा.” पुन्हा विचारल्यास हेच वाक्य त्याच शब्दांत उच्चारावे, आवाज न चढवता. समोरच्या मुलावर चिडण्यात अर्थ नसतो, तो टार्गेटखाली दबलेला असतो. तिसऱ्यांदाही थांबत नसेल तर मॅनेजरला बोलवायला सांगावे आणि त्यालाही तेच वाक्य ऐकवावे.

मोबाइल नंबरच्या बाबतीत ‘नंबरशिवाय सिस्टीम पुढे जात नाही’ असे सांगितले जाते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना स्पष्ट सूचना दिली की बिलासाठी ग्राहकाकडे मोबाइल नंबरचा हट्ट धरू नये. जीएसटी नियमांतही त्याला आधार सापडत नाही : नोंदणी नसलेल्या ग्राहकाचे नाव-पत्ता बिलावर घालणे ५० हजार रुपये किंवा त्यावरच्या बिलासाठी आवश्यक आहे, आणि दोन लाखांवरच्या खरेदीसाठी पॅन लागतो. तीनशे रुपयांच्या टी-शर्टसाठी फोन नंबर कशालाच लागत नाही. घरगुती उपकरणाच्या वॉरंटी नोंदणीसाठी मात्र नंबर देणे सोयीचे असते. तिथे अडून बसू नये.

पिशवीचा प्रश्न लहान असला तरी त्यावर लढून ग्राहक जिंकलेले आहेत. चंडीगडच्या जिल्हा ग्राहक मंचाने २०१९ मध्ये ‘बाटा’ला तीन रुपयांच्या पिशवीबद्दल एकूण नऊ हजार रुपये भरायला लावले होते, आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये ‘बिग बझार’च्या प्रकरणात पिशवीला पैसे लागतील हे ग्राहकाला खरेदी सुरू करण्यापूर्वीच कळले पाहिजे असे ठरवले. दारात किंवा दर्शनी भागात तशी पाटी नसेल तर हे बोलून दाखवावे. तरीही कापडी पिशवी सोबत नेणे सोपे.

हॉटेलच्या बिलावरील सर्व्हिस चार्जही याच जातीचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. ‘हा काढून बिल द्या’ एवढे म्हणणे पुरते. टीप द्यायची की नाही, हे आपल्या मर्जीवर.

सातवी पायरी : ऑनलाइन काउंटरवर आधीच केलेल्या खुणा शोधाव्यात

ॲपमध्ये विक्रेत्याचा आवाज नसतो, पण दानाचे दहा रुपये, सामानाचा विमा किंवा ‘फ्री ट्रायल’ची मेंबरशिप आधीच टिक करून ठेवलेली असू शकते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या डार्क पॅटर्न्सविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्यांची यादी आहे. संमतीशिवाय बास्केटमध्ये वस्तू, सेवा किंवा देणगी घुसवणे त्यात येते. नकाराचे बटण ग्राहकाला लाज वाटेल अशा शब्दांत लिहिणेही येते, जसे विमानाच्या तिकिटाबरोबर विमा नाकारताना ‘मी असुरक्षित राहीन’ असे निवडायला लावणे. पैसे देण्याआधीच्या शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी, कारण पुढे तक्रार करताना तोच पुरावा उपयोगी पडतो.

आठवी पायरी : सक्ती असेल तर तिथेच थांबावे

काही ठिकाणी ग्राहकाला दुसरा पर्याय नसतो आणि सक्तीही तिथेच सर्वांत निगरगट्ट असते. नव्या गॅस जोडणीसोबत एजन्सीचीच शेगडी घ्या असे सांगितले जाते, पण आयएसआय चिन्हाची शेगडी कुठूनही आणता येते. नव्या दुचाकीसोबत शोरूममधूनच विमा घेण्याचा आग्रह होतो. कायद्याने सक्तीचा आहे तो तृतीय पक्ष विमा, नव्या दुचाकीसाठी सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा, आणि तो कोणत्याही मान्यताप्राप्त कंपनीकडून घेता येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो, मात्र कर्ज देणारी संस्था त्याची अट घालू शकते. क्रॅश गार्ड, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग या ओळी कोटेशनमधून एकेक करून खोडाव्यात.

शेतकऱ्याची अडचण याहून मोठी असते. ऐन पेरणीत युरियाची गोणी हवी तर सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली किंवा पाण्यात विरघळणारे खत घ्या, असे सांगितले जाते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे आणि गळ्यात पडणारी बाटली त्याहून महाग, असा तो व्यवहार असतो. कंपनीच आपल्याला असा माल घ्यायला लावते, असे दुकानदार सांगतो, आणि ते पुष्कळदा खरेही असते. पण म्हणून शेवटचे ओझे शेतकऱ्याने उचलावे असे होत नाही. अनुदानित खताची विक्री ई-पॉस यंत्रावर आधारच्या ओळखीने होते, म्हणून त्या यंत्राची पावती आणि जोडमालाचे बिल दोन्ही मागून घ्यावेत. जोडमालाचे बिल दिले नाही तर तीही नोंद करावी आणि त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. एकट्याच्या तक्रारीपेक्षा गावातल्या पाच-सहा जणांची, दुकानाचे नाव, तारीख आणि मालाचे नाव लिहिलेली तक्रार लवकर हलते.

नववी पायरी : बिल हातात आल्यावर

पैसे देण्यापूर्वी स्क्रीनवरची रक्कम कोटेशनशी ताडून पाहावी आणि यूपीआयने देताना आकडा स्वतः टाकावा. नको असलेली ओळ बिलात दिसल्यास ‘पुढच्या खरेदीत वळते करू’ या आश्वासनावर न जाता तिथेच बिल रद्द करून नवे करून घ्यावे किंवा क्रेडिट नोट आणि रक्कम परत घ्यावी. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत न घेणे किंवा सदोष सेवा थांबवून पैसे परत न करणे हेही त्याच व्याख्येत बसते. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीने ही तरतूद पुसली जात नाही.

घरी आल्यावर लक्षात आले तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच दुकानाला ईमेल करावा : बिल क्रमांक, तारीख, कोणती ओळ संमतीशिवाय घातली, आणि किती रक्कम परत हवी. जोडलेली गोष्ट विमा पॉलिसी असेल तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या ‘फ्री लुक’ काळात ती परत करता येते का, हे प्रथम पाहावे, कारण आयुर्विमा आणि आरोग्य विम्यात हा मार्ग वादविवादाशिवाय पार पडतो. फायनान्स कंपनीने लावलेल्या शुल्काची तक्रार आधी त्याच कंपनीकडे करावी. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते आणि त्याला फी नसते. त्याविषयीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

दुकानाविरुद्धच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवून तडजोड घडवते. पण नाव जपणाऱ्या मोठ्या साखळी दुकानांच्या बाबतीत बहुधा तेवढे पुरते. तडजोड फसली तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. मसुदा कसा लिहावा हे समजत नसेल तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडून मार्गदर्शन घेता येते. तक्रारीसोबत कोटेशन, बिल, पैसे दिल्याचा पुरावा, दुकानाशी झालेला ईमेल आणि व्हॉट्सॲपवरील संवाद तारखेच्या क्रमाने जोडावेत, आणि रकमेच्या मागणीत जोडवस्तूची किंमत, तिच्यावरचा कर व हप्त्यात गेली असल्यास त्यावरचे व्याज ही तिन्ही स्वतंत्र लिहावीत.